बावीस पावलांतली पंधरा मिनिटं

१

लेबर रूमच्या दारापासून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत बावीस पावलं होती. चौकशीच्या बाईंनी ती सकाळी आल्याआल्या मोजली. एकदा रिकाम्या हातांनी, एकदा स्ट्रेचर ढकलत. कितीही रमतगमत गेलं तरी मिनिटभरात संपणारी वाट. तेरा दिवसांपूर्वी एका बाळंतिणीला ती ओलांडायला सोळा मिनिटं लागली होती.

निदान कागद तसं म्हणत होते. लेबर रूमच्या रजिस्टरात लिहिलं होतं, अकरा वाजता मुलगी झाली, अकरा पाचला रक्तस्राव सुरू, अकरा बाराला थिएटरकडे नेली. थिएटरच्या रजिस्टरात होतं, अकरा अठ्ठावीसला आत घेतली. अकरा पन्नासला ॲम्ब्युलन्समधून खालच्या मोठ्या रुग्णालयात पाठवली. तिथल्या फाटकावरच्या यंत्राचा शिक्का साडेबाराचा. एक वाजायच्या आत ती गेली. मुलगी वाचली.

नियम अर्ध्या तासाचा होता. रक्त थांबत नसेल तर अर्ध्या तासाच्या आत गाडी सुटली पाहिजे. इथं पंचेचाळीस मिनिटं लागली होती. जादाची पंधरा त्या बावीस पावलांत सांडली होती, आणि सांडलेलं गोळा करायला बाईंना बोलावलं होतं.

त्या पूर्वी भूलतज्ज्ञ होत्या. वीस वर्षं लोकांना झोपवलं, आता झोपलेल्यांना जागं करते, असं त्या स्वतःबद्दल म्हणत. रुग्णांच्या सुरक्षिततेत कुठे चूक झाली ते शोधणं हे आता त्यांचं काम. त्यांचा अहवाल आज चार वाजता समितीपुढे जायचा होता. त्याच बैठकीत ठरायचं होतं की डोंगरावरच्या या रुग्णालयातलं थिएटर आणि लेबर रूम बंद करून सगळं खाली न्यायचं की नाही.

पहिला संशय घड्याळांवर. बाईंनी दोन्ही दारांच्या काचांतून आत पाहिलं, हातातल्या फोनशी ताडून पाहिलं. लेबर रूमचं घड्याळ बरोबर. थिएटरचं घड्याळ बरोबर. मिनिटाचाही फरक नाही.

मग उरली ती माणसं. त्यांतलं पहिलं माणूस थिएटरची मुख्य सिस्टर. सगळं रुग्णालय तिला ताई म्हणायचं. ती बाईंच्या मागे केव्हा येऊन उभी राहिली ते कळलंही नाही.

"शोधू नका," ती म्हणाली. "मीच थांबवली असणार तिला. अक्षर माझंच आहे."

२

असणार, हा शब्द बाईंच्या कानात अडकला. थांबवलं म्हणणारा माणूस कशासाठी थांबवलं तेही सांगतो. ताईला ते सांगता येत नव्हतं. स्ट्रेचर आलं, आपण दार उघडलं, डॉक्टरांनी पोटावर हात दाबून धरला, आपण सलाइनच्या दोन बाटल्या लावल्या, एवढं तिला लख्ख आठवत होतं. दारात खोळंबल्याचं काही आठवत नव्हतं. पण आठवण आणि रजिस्टर यांत तिनं रजिस्टरावर विश्वास ठेवला होता. बावीस वर्षं तिनं नव्या मुलींना तेच शिकवलं होतं. आठवणीवर जाऊ नका, लिहिलंय ते खरं.

तेरा दिवसांत तिचे डोळे विहिरीसारखे खोल गेले होते. आज चार वाजता अहवालात तिचं नाव येणार, हे तिनं स्वतःशी मान्य करून टाकलं होतं. नाव आलं की नोकरी जाणार, आणि नोकरीपेक्षा मोठं काहीतरी जाणार, ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता.

मनगटावर घड्याळ नव्हतं का, असं बाईंनी विचारलं. ताईनं नुसते हात पुढे केले. कोपरापर्यंत धुऊन धुऊन पांढरे पडलेले. थिएटरमध्ये मनगटावर काहीच नसतं, फोन बाहेर खोक्यात. आत एकच वेळ, भिंतीवरची. भुलीच्या मशीनला घड्याळ होतं, पण वीज गेली की ते शून्यावर जायचं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नसे.

बाहेर कॉरिडॉरच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर तेरा दिवसांचं गाठोडं, त्यात इवलीशी झोप. मेलेल्या बाळंतिणीची ही थोरली बहीण. ती रोज येते, ताईनं हलक्या आवाजात सांगितलं, भांडत नाही, रडत नाही. येईल त्याला एकच विचारते.

बाई जवळून गेल्या तेव्हा तिनं त्यांनाही विचारलं.

"तिला कुणी थांबवलं, एवढं कळेल का?"

"आज कळेल," बाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांना भीती वाटली.

३

ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला लोक वारा म्हणत. त्याच्याही वहीत तेच होतं, सुटलो अकरा पन्नास, पोचलो साडेबारा. म्हणजे ताईच्या रजिस्टरला साक्षीदार मिळाला. दोन वह्या, दोन अक्षरं, एक वेळ.

बाईंनी त्याला म्हटलं, मला खाली घेऊन चला. पेशंट आहे असं समजूनच चालवा.

"रडाल मॅडम," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात एक साहेब बसले होते. उतरल्यावर त्यांनी जमिनीला हात लावला."

घाट चढतो तो वळणावळणानं आणि उतरतो तो उसाशा-उसाशानं. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला पोकळी. भोंगा लावून वारा सुटला. बाईंनी दांडा घट्ट धरला आणि वळणं मोजली. एकसष्ट. समोरचा ट्रक बाजूला झाला, गुरांचा कळप बाजूला झाला, वाट सगळी त्याची होती. तरी खालच्या फाटकावर शिक्का पडला तेव्हा बाईंच्या फोनवर पंचावन्न मिनिटं झाली होती.

वाऱ्यानं शिक्क्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"आज काहीतरी झालं," तो म्हणाला. "मी चाळीसमध्ये येतो. विचारा कुणालाही."

बाईंना फक्त एवढंच विचारायचं होतं की सुटायची वेळ तो कशावरून लिहितो. तो म्हणाला, थिएटरच्या मागच्या दाराशी गाडी लागते. स्ट्रेचर चढलं की मी हाक मारतो, ताई, किती झाले? ती आतून सांगते, मी लिहितो.

"तुमच्याजवळ फोन असतो ना?"

"असतो की. पण तसा नियमच आहे, मॅडम. सुटायची वेळ ताईच सांगणार. नकाशेवाल्या साहेबांनी केलाय."

४

नकाशेवाले साहेब म्हणजे या सगळ्या फेररचनेचे कर्ते. बाईंना वर परत न्यायला त्यांनी आपली गाडी पाठवली आणि स्वतःही बसले. त्यांच्या मांडीवर घडी घातलेला नकाशा होता, आईनं मुलाचे कपडे घडी घालावेत तसा.

ते वाईट माणूस नव्हते, हे बाईंना पहिल्या वळणावर कळलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. वर एकच सर्जन. त्याला ताप आला की सुरीलाही ताप येतो. खाली सहा सर्जन, चोवीस तास भूल, अतिदक्षता. महिन्यातून चार ऑपरेशनं करणाऱ्या हातापेक्षा दिवसातून चार करणारा हात बरा. लोक म्हणतात दवाखाना पळवला. पण माझी आई असती तर मी तिला खालीच नेली असती.

"आणि वाटेतच काही झालं असतं तर?" बाईंनी विचारलं.

म्हणूनच तर मी वेळ मोजली, ते म्हणाले. पंचेचाळीस मिनिटांच्या आतला रस्ता सुरक्षित, असं तज्ज्ञांनी ठरवलेलं. चार वर्षांपूर्वी पाहिलं तर थिएटरच्या आणि गाडीच्या वह्यांत वेगवेगळ्या वेळा. म्हणून नियम केला, दोन्हीकडे एकच वेळ हवी. मग आकडे सुतासारखे सरळ आले. त्यांनी एक आलेख काढून दाखवला. पहिल्या वर्षी पन्नास मिनिटं, पुढं पंचेचाळीस, आणि गेलं दीड वर्ष चाळीस. रस्ता रुंद केल्याचा परिणाम, ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कष्ट करणाऱ्याचं समाधान होतं. चाळीसवर आल्यावरच पहिला टप्पा सुरू केला. आठ महिन्यांपूर्वी वरचा रक्ताचा फ्रीज खाली हलवला. रक्त चाळीस मिनिटांवर असताना दोन ठिकाणी साठा कशाला?

बाई आलेखाकडे बघत राहिल्या. घड्याळाचा काटा खाली घसरावा तशी ती रेघ खाली आली होती. रस्ता तर त्यांनी आत्ताच पाहिला होता. तीन वळणं सोडली तर तो कुठे रुंद झाला नव्हता.

दोन वह्या जुळतात, कारण दोन्ही एकाच तोंडून भरल्या जातात. साक्षीदार दोन, डोळा एक.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी आज घाट पंचावन्न मिनिटांत उतरले. भोंगा लावून."

साहेबांनी नकाशाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, "तो खोटं लिहितो की ती?"

५

सर्जन थिएटरबाहेर हात पुसत उभे होते. उंच, नीटनेटके, बोलण्यात गोड. मोठं केंद्र झालं की खाली विभागप्रमुख कोण होणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांनाही.

त्यांनी ताईबद्दल वाईट काही म्हटलं नाही. उलट हळहळले. चांगली बाई, पण थकली आहे, म्हणाले. त्या दिवशी आपण थिएटरमध्ये तयारच होतो, आल्यावर बावीस मिनिटं प्रयत्न केले, जमेना म्हणून पाठवलं. त्याआधीच्या पंधरा मिनिटांचं आपल्याला काय माहीत?

गेल्या महिन्यापर्यंतच्या हजेरीच्या वहीवरून बाईंच्या एक लक्षात आलं होतं. थिएटरची पहिली वेळ नऊची, आणि वर्षभर रोज सर्जनांच्या नावापुढे सव्वानऊ. एक दिवस नऊ नाही, एक दिवस साडेनऊ नाही. उशीर करणारा माणूस कधी दहा मिनिटं करतो, कधी चाळीस. इतक्या वक्तशीरपणे उशीर करणारा माणूस त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

हे त्यांनी मनात ठेवलं आणि कपडे बदलून, टोपी घालून थिएटरमध्ये गेल्या. खोली स्वच्छ होती. दिवसातून तीनदा पुसलेली, औषधाच्या वासानं डोळ्यांत पाणी आणणारी. भिंतीवर ते घड्याळ. त्याच्याभोवती भिंतीच्या रंगावर एक फिकट कडं होतं, घड्याळाहून चार बोटं मोठं. मोठं घड्याळ वर्षानुवर्षं टांगून काढलं, आणि त्या जागी लहान लावलं, की असं कडं उरतं.

बाई स्टुलावर चढल्या. घड्याळाच्या वरच्या काठावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं.

त्यांनी ते नाकाशी नेलं. तेल. फोडणीच्या धुरानं थरावर थर चढून धुळीत कालवलेलं, कुठल्याही स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या वस्तूवर असतं तसं. ज्या खोलीत माशीलाही पाय पुसून यावं लागतं, तिथं स्वयंपाकघरातलं घड्याळ टांगलेलं होतं.

६

आता कोणी बदललं त्याआधी कधी बदललं, हे हवं होतं. बाई रेकॉर्डच्या खोलीत बसल्या आणि दोन्ही ठिकाणची जुनी रजिस्टरं शेजारीशेजारी उघडली. ती आजवर कुणी शेजारी ठेवली नव्हती. लेबर रूमची एका कपाटात जायची, थिएटरची दुसऱ्या.

एकेक बाळंतीण त्या बावीस पावलांतून त्यांच्या बोटाखालून गेली. गेल्या वर्षीची पंधरा मिनिटांत, तिच्या आधीची सोळा, तिच्याही आधीची सोळा. जिचं सिझेरियन झालं आणि जी सुखरूप घरी गेली, तिलाही सोळा. एकीला नव्हे, सगळ्यांना. दीड वर्ष. त्यामागची वर्षं अकरा मिनिटांची. त्याही मागची सहा. सात वर्षांपूर्वीच्या वहीत एक. आणि पुढे, अगदी शेवटच्या पानावर, गेल्या अकरा दिवसांत थिएटरमध्ये गेलेल्या तिघींना पुन्हा एकच मिनिट.

बाईंनी हात जोडावे तशी दोन्ही रजिस्टरं मिटली. लेबर रूमच्या घड्याळाला कुणी हात लावत नाही. तिथली वेळ जन्मदाखल्यावर जाते. म्हणजे चढत गेलं ते थिएटरचं. एक, सहा, अकरा, सोळा. साहेबांचा आलेख पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. एक चढत गेलं, दुसरं उतरत गेलं, पाच पाच मिनिटांच्या त्याच पायऱ्यांनी.

कोणीतरी दर काही वर्षांनी ते घड्याळ पाच मिनिटं पुढे सारत होतं. कशाच्या निमित्तानं? सेल बदलायच्या. आणि बाळंतीण गेली, चौकशीचं पत्र आलं, तेव्हा त्याच कुणीतरी ते उतरवून आपल्या घरचं तिथं लावलं होतं.

सर्जन रुग्णालयाच्या खानावळीत जेवत. साहेब खाली शहरात राहत. वाऱ्याला थिएटरच्या दाराआत पाऊल टाकायची बंदी होती. ताईच्या घरी वर्षभर चूल पेटली नव्हती, नवरा गेल्यापासून ती डबा घ्यायची. स्टुलावर चढून थिएटरची भिंत पुसणारं, सेल बदलणारं आणि चुलीशी बसणारं माणूस एकच होतं.

७

सफाईवाल्या मावशी धुलाईघराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी आत घेतलं, पाट दिला, चहा टाकला. बोलणं सगळं ताईबद्दल. ताईनं माझ्या पोरीचं लग्न उरकून दिलं, ताईनं माझा मोतीबिंदू काढवला, ताईसारखं माणूस नाही. मावशींचा आवाज दळण दळतानाच्या आवाजासारखा एकसुरी होता, थांबला तर रडू फुटेल म्हणून चाललेला.

बाई म्हणाल्या, चार वाजता बैठक आहे, उशीर व्हायला नको. किती वाजले असतील?

मावशींनी मान वर केली. चुलीच्या वर, धुरानं काळवंडलेल्या भिंतीवर एक पांढरं वर्तुळ होतं आणि मधोमध मोकळा खिळा. त्या खिळ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे हात पदरात गेले.

थोड्या वेळानं मावशी स्वतःच उठल्या आणि ट्रंकेतून थिएटरच्या हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून आणलं. कापड सोडलं तर आतून टिकटिक ऐकू आली. मोठं घड्याळ. फोनवर दोन दहा झाले होते, त्यात दोन पंचवीस.

"सेल काढवेना," मावशी म्हणाल्या. "चालतंय ते बंद कसं करायचं हातानं?"

मग सगळं बाहेर आलं. सात वर्षांपूर्वी डॉक्टर रोज उशिरा यायचे, पेशंट उपाशी टेबलावर पडून राहायचे. ताईनं म्हटलं, मावशी, घड्याळ पाच मिनिटं पुढं करा. केलं. महिन्याभरात ताईला मन खाऊ लागलं, म्हणाली, परत नीट लावा, नोंदी चुकतील. मावशी हो म्हणाल्या. पण तो महिनाभर डॉक्टर वेळेवर आले होते. पेशंटचे हाल बघवत नव्हते. मावशींनी केलं नाही. पुढं डॉक्टर पुन्हा उशिरा यायला लागले, तेव्हा सेल बदलताना आणखी पाच सारली. मग आणखी पाच. ताईला वाटत होतं, घड्याळ सात वर्षं बरोबर आहे.

"पत्र आलं, साहेब लोक घड्याळं तपासणार म्हणाले. फेरफार सापडला तर ताईची नोकरी जाईल, असं सगळे बोलत होते. ताईनंच सांगितलं होतं ना पहिल्यांदा. म्हणून मी आपलं लपवलं."

"मावशी," बाई म्हणाल्या, "ताई निर्दोष आहे याचा एकच पुरावा होता. तो तुम्ही ट्रंकेत घातलात."

मावशींना ते कळायला वेळ लागला. बाईंनी चुलीसमोरच्या जमिनीवर बोटानं दोन रेघा काढून दाखवलं. थिएटरच्या घड्याळात अकरा पन्नास, म्हणजे खरे अकरा पस्तीस. रक्त सुरू झालं अकरा पाचला. तीस मिनिटं. ताईनं नियम पाळला होता, काट्याला काटा. उशीर दवाखान्यात झालाच नाही. तो घाटात झाला.

मावशींच्या चेहऱ्यावर उजेड आला, आणि तो तसाच असताना बाईंनी डोळे खाली घातले. कारण हिशेब तिथं संपत नव्हता.

८

तो पुढचा हिशेब ताईनं स्वतः केला. तीन वाजता, रेकॉर्डच्या खोलीत, दोन्ही रजिस्टरं आणि मधे ते घड्याळ ठेवून बाईंनी तिला सगळं सांगितलं. आधी तिनं श्वास सोडला, तेरा दिवसांचा कोंडलेला. मग तिचा हात घड्याळावर थांबला.

"चाळीस मिनिटं म्हणूनच ना त्यांनी फ्रीज नेला?" ती म्हणाली.

"हो."

"खरा आकडा पंचावन्न होता."

"हो."

"म्हणजे आमच्या भिंतीवरच्या घड्याळानं रक्त खाली गेलं. आणि ते इथं नव्हतं म्हणून ती गेली."

बाई भूलतज्ज्ञ होत्या तेव्हा दुखणं थोपवायचं औषध त्यांच्या हातात असायचं. आता नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या की हे मी अहवालात लिहीन, पण बैठकीत कोण सांगणार ते तू ठरव.

चार वाजता समिती बसली. ताईनं उभं राहून सांगितलं. पहिल्यांदा मीच सांगितलं होतं, परत लावायलाही मीच सांगितलं आणि लावलं का ते सात वर्षांत एकदाही बघितलं नाही. मावशींचं नाव तिनं घेतलं, पण स्वतःच्या नावानंतर. मावशी दाराशी उभ्या होत्या. वारा त्यांच्या शेजारी. चाळीस मिनिटांचा डौल त्याच्या खांद्यांवरून उतरला होता.

मग बाईंनी सर्जनांना एक प्रश्न विचारला.

"भिंतीच्या घड्याळानं तुम्ही रोज सव्वानऊला आलात. तुमच्या फोनवर किती वाजलेले असायचे?"

सर्जन आधी हसले. त्यांच्यासोबत कुणी हसलं नाही.

"नऊ," ते म्हणाले.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, बाई म्हणाल्या. फोन खोक्यात ठेवताना रोज दिसत होतं. ते म्हणाले, स्टाफची खोडी वाटली, मनावर घेतली नाही. पण चाळीसचा आकडा ज्या अहवालात होता त्यावर त्यांचीही सही होती, आणि तेरा दिवस ताईकडे बोट जात होतं तेव्हाही ते एक वाक्य बोलले नव्हते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पिशवीतून तो आलेख काढला, मधोमध फाडला आणि म्हणाले, मला पुन्हा मोजायला हवं. यावेळी गाडीत बसून.

सगळंच मागे फिरलं नाही. आधीपासून ठरलेली, वाट बघू शकतील अशी ऑपरेशनं खाली जावीत, हे बाईंनी स्वतः सुचवलं. तिथला हात खरंच बरा होता. पण पंचावन्न मिनिटं वाट बघू शकत नाही ते रक्त वरच राहील, लेबर रूम वरच राहील, थिएटर तिच्यासाठी उघडं राहील. फ्रीज त्याच संध्याकाळी वर निघाला. तो आणायला वारा गेला आणि कुणी सांगितलं नसताना सुटायची वेळ स्वतःच्या फोनवर बघून लिहून गेला. सर्जनांची चौकशी वेगळी लागली. मावशींचं काय करायचं ते उद्यावर गेलं.

९

बैठकीतून ताई आधी बाहेर आली. बाई मागे थांबल्या.

थोरली बहीण बाकावरच होती. ताई तिच्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे डोळे एका पातळीत येतील. तिनं काही लपवलं नाही. उशीर इथं झाला नाही, म्हणाली. वाट लांब होती आणि ती लांब आहे हे आम्हाला कळलं नाही, आमच्याच घड्याळामुळे. रक्त इथं असायला हवं होतं, ते नव्हतं. शिव्या द्यायच्या तर मला द्या.

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत. बाळाच्या तोंडावरचं कापड उगाच नीट केलं.

"म्हणजे मधे, इथं, कुणी थांबवलं नाही?"

"नाही."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

तिचे ओठ थरथरले. तेरा दिवसांत पहिल्यांदाच.

"मी थांबवलं होतं, सिस्टर," ती म्हणाली. "स्ट्रेचर चाललं होतं, तिनं माझं बोट धरलं. मी म्हटलं, जरा थांबा, आणि तिचे केस कपाळावरून मागे केले. सगळे पंधरा मिनिटं, पंधरा मिनिटं म्हणत होते. मला वाटलं, तीच असतील. मला तर एवढीशीच वाटली होती, पण म्हटलं, आपल्याला काय कळतं."

ताईला ते आठवलं. दार उघडून ती उभी होती, स्ट्रेचर दोन पावलं अलीकडे थबकलं होतं, एक हात पुढे आला होता आणि मागे गेला होता.

"मी बघत होते," ती म्हणाली. "एक श्वास लागला असेल. तेवढाच."

थोरलीनं बाळ ताईच्या हातात दिलं, कारण तिला दोन्ही हातांनी तोंड झाकायचं होतं.